तुझंच बरोबर, सही कर

गोव्यातल्या फोंड्यात एका बँकेच्या घरकर्जाच्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली. समोर जोडपं येऊन बसलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडायची. एक, "साहेब, व्याज जरा कमी नाही का होणार?" आणि दुसरं, "आमच्याकडे होम मिनिस्टर हीच." दुसरं वाक्य नवऱ्याचं. बोलताना अंगठा बायकोच्या दिशेने. ती हसायची, मीही हसायचो. कर्ज घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं नसतं असा नियम कुठल्या बँकेत असेल तर मला माहीत नाही.

एक जोडपं मात्र डोक्यातून जात नाही. मे महिना, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. गृहस्थ भलतेच गमतीदार. लग्नाआधी आपण वाघ होतो, आता घरात मांजरासारखे वावरतो, पगार हातात आला की तो नुसता बघायचा आणि तिच्याकडे द्यायचा, वगैरे सगळं झालं. बाजूच्या टेबलावरची मुलगीसुद्धा खुदकन हसली. मग मी करारनामा पुढे सरकवला. बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि चक्क वाचायला लागल्या. आमच्या टेबलावर ही दुर्मीळ घटना. दुसऱ्या पानावर त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे व्याज बदलतं लिहिलंय, म्हणजे हप्ता वाढणार की वर्षं वाढणार?"

मी तोंड उघडायच्या आत गृहस्थ म्हणाले, "अगं, ते साहेब बघतील. तुला काय कळतंय त्यातलं? कर सही."

आवाज तोच, हसूही तेच. बाईंनी चष्मा मिटून पर्समध्ये ठेवला आणि मी फुल्या मारून ठेवलेल्या सगळ्या जागी सह्या केल्या. दोनेक वर्षांनी तेच गृहस्थ तावातावाने आले. हप्ता तर तेवढाच आहे, मग कर्जाची वर्षं कशी वाढली? बाईंनी जे विचारलं होतं नेमकं तेच. हेही सांगून टाकतो की त्या दिवशी मीही बाईंना उत्तर दिलं नव्हतं. बाहेर अजून चार जोडपी बसली होती.

तेव्हापासून "घरात हिचंच चालतं" हा विनोद ऐकला की माझं लक्ष पुढच्या वाक्याकडे असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा विनोद म्हणजे नवऱ्याने भरलेली पावती आहे. गमतीत हार मानायची, ती हार चारचौघांत जाहीर करायची, आणि त्या बदल्यात खऱ्या प्रश्नावर वाद घालायच्या कटकटीतून सुटायचं. स्वस्तात सुटका. विनोदात रोज हरणारे किती नवरे मी कागदावर हरताना पाहिले, ते आठवायला बसलो तर एका हाताची बोटंही जास्त होतात.

आता हे गोव्यात बसून बोलण्यात एक वेगळी गंमत आहे. बाकी देशात 'अर्धांगिनी' हा लग्नपत्रिकेतला शब्द आहे, आमच्याकडे तो हिशोबाचा आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही आमच्याकडे राहिली. तिच्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचाही तिच्यात निम्मा वाटा असतो. लग्नाआधीची असो, नंतरची असो, वाडवडिलांकडून आलेली असो. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. आमच्याकडे लग्नही दोनदा होतं, एकदा अक्षतांचं आणि एकदा सह्यांचं. निबंधकाकडे आधी पहिल्या सह्या, मग हरकतींची मुदत, मग दुसऱ्या सह्या. कित्येक जोडपी मुंडावळ्या बांधायच्या कितीतरी आधी कायद्याने नवरा-बायको झालेली असतात. १९९४ साली तर आयकर कायद्यात खास आमच्यासाठी कलम ५अ आलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं दाखवायचं. हे कलम फोंड्याच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. कर वाचतो तिथे निम्मी बायको कुणीही विसरत नाही.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोव्याच्या या समान कायद्याचं कौतुक केलं, आणि आम्ही ते मिरवतोही. पण त्याच मूळ संहितेने मालमत्ता दोघांची ठरवून कारभार मात्र नवऱ्याच्या हातात ठेवला होता, हे मिरवणुकीत कुणी सांगत नाही. १८८० चा एक हुकूम तर असा होता की ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू नवऱ्याला काही अटींवर दुसरी बायको करायची मुभा. म्हणजे घर तिचं निम्मं, चावी त्याची पूर्ण. आणि वर विनोद असा की चावी तिच्या कमरेला आहे!

तो जुना विनोद सगळ्यांनी ऐकलाय. घरातले किरकोळ निर्णय बायको घेते, म्हणजे घर कुठे घ्यायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, पैसे कुठे गुंतवायचे; मोठे निर्णय मी घेतो, म्हणजे अमेरिकेने काय करावं आणि भारताचा कर्णधार कोण असावा. टाळी! अकरा वर्षं मी नेमकं उलटं पाहिलं. टाइल्सचा रंग बायकोचा. देवघर कुठे, तिचं म्हणणं. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची, तिला विचारलं होतं हो. घर मात्र कुठे, केवढ्याला, किती वर्षांच्या कर्जावर आणि कुणाच्या मित्राच्या ठेकेदाराकडून, हे सगळं आधीच ठरलेलं असायचं. टाइल्सवर ती जिंकली की 'घरात हिचंच चालतं' हे सांगायची नवऱ्याची सोय झाली.

मला आमच्याकडचा दशावतार आवडतो. पेडण्यात, डिचोलीत, देवळाच्या जत्रेत पहाटेपर्यंत बसून पाहिलाय. त्यात राणीही पुरुष, गवळणही पुरुष, आणि कसदार नट असेल तर साडीचा पदर असा सावरतो की बघणाऱ्या बायकाही माना डोलावतात. बायकोवरचे विनोद ऐकताना मला तोच रंगमंच दिसतो. बायको बोलते, हट्ट करते, रुसते, माहेरी जाते, पण प्रत्येक वाक्य नवऱ्याने लिहिलेलं. दशावतारातला नट निदान पदर तरी नीट सावरतो. विनोदातल्या बायकोच्या हाती मात्र कुठलाही विचार न करता लाटणं दिलेलं असतं. आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन जातो, दुपारी भात आणि हुमण, म्हणजे माशांची आमटी. लाटणं डब्यातून बाहेर येतं ते गणेशचवथीच्या नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना. तरी फोंड्याच्या नवऱ्याच्या विनोदातली बायको दारात लाटणं घेऊनच उभी. स्वतःच्या बायकोकडे एकदा नीट पाहिलं असतं तर गृहस्थाने निदान नारळ किसायची आदोळी तरी तिच्या हाती दिली असती.

आणि त्या लाटण्याचा दुसरा अर्थही आहे. घरात मार कोण खातं हे पोलीस चौकीत विचारा. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा करावा लागला तो नवऱ्याच्या टाळक्यावर लाटणी पडत होती म्हणून नव्हे. हे म्हणताना एक कबूल करतो. बायकोच्या जाचाने पिचलेले पुरुषही असतात, मी दोन तरी ओळखतो. त्यांची खरी पंचाईत हीच आहे की त्यांनी तोंड उघडलं की समोरचा हसतो. विनोद त्यांच्या आधीच तिथे जाऊन बसलेला असतो.

कजाग बायको ही आपली फार जुनी पात्रयोजना. तुकारामांची आवली घ्या. कीर्तनात आवली आली की हशा ठरलेला. पण तिच्या बाजूने एक दिवस काढून बघा. दुष्काळ येऊन गेलेला, घरातलं पहिलं माणूस, म्हणजे तुकोबांची थोरली बायको, त्या दुष्काळात गेलेलं, दुकानाचं दिवाळं, पदरात पोरं, आणि घरधनी डोंगरावर. त्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी बाई तोंडाने गोड बोलत चढेल? तुकोबांचं मोठेपण तिच्या चिडण्याने तसूभरही कमी होत नाही. पण चुलीचा हिशोब त्या घरात कुणी ठेवला, या प्रश्नावर आवली बरोबर होती. कीर्तनकार बुवांना हे सांगून पाहिलं एकदा. बुवा म्हणाले, "तुमचं खरं, पण मग श्रोते हसायचे कुठे?"

चुलीच्या हिशोबाचं म्हणाल तर तो आता सरकारनेही मोजलाय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, आणि पुरुषांचा ९७. त्यातही मेख अशी की त्या पुरुषांत मोजले गेले ते फक्त घरकामाला हात लावणारे, आणि तेही चारातला जेमतेम एक. पाच तास राबणाऱ्या माणसाला आपण होम मिनिस्टर म्हणतो. मंत्री एवढं स्वतः काम करताना मी तरी पाहिलेला नाही. गोव्याने १९७३ ते १९७९ एका बाईला खरोखरचं मुख्यमंत्रिपद दिलं होतं, शशिकलाताई काकोडकरांना. तेव्हा ते कुणाला विनोदी वाटलं नव्हतं. सत्ता खरी असली की गमतीला जागा उरत नाही, असं दिसतंय.

"अहो, पण बायकोही हसते ना!" हसते. आमच्या टेबलावरही हसायची. नणंदेसमोर, जावेसमोर, बँकेच्या साहेबासमोर ती दुसरं काय करील? नाही हसली तर 'हिला विनोद कळत नाही' हा पुढचा विनोद तयारच असतो. "पण यात नवराच तर बावळट ठरतो, बायको शहाणी!" हेही ऐकलंय. ज्याचं बावळट ठरून काही बिघडत नाही तोच स्वतःला खुशाल बावळट म्हणवून घेतो. भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, "मी कसला भाटकार, मी तर भिकारी" म्हटलेलं ऐकायला गोड लागतं. त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराने म्हटलं तर ती माहिती होते.

एक हरकत मात्र मला खरोखर विचार करायला लावते. ती म्हाताऱ्या माणसांची. ते म्हणतात, अरे, संसार टिकतो तो कुणीतरी गप्प बसतं म्हणून. "तुझंच बरोबर" म्हटलं की रात्रीचं जेवण सुखाने होतं. हे खोटं नाही. हुमणात मीठ जास्त की कमी, बांगडे म्हापशाचे चांगले की मडगावचे, यावर कुणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ नये. अशा ठिकाणी मीही रोज दहा वेळा माघार घेतो आणि त्याची लाज वाटत नाही. माझं भांडण त्या माघारीशी नाही. जिथे बोलायला हवं होतं तिथे ते वाक्य फेकून पळ काढणाऱ्या नवऱ्याशी आहे, आणि हा नवरा मला जवळून माहीत आहे.

चार वर्षांमागची चवथ. सावईवेऱ्याच्या आमच्या घरात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची आरास, बांधायची चौकट बाबांनी केलेली होती, त्यांच्या हातची. आदल्या दिवशी माळ्यावरून खाली काढताना मी एका कोपऱ्यात नख रुतवलं तर भुसा गळला. आतून वाळवीने खाल्लेली. मी म्हटलं, "नवी करून घेऊया का?" बायको म्हणाली, "बाबांची चौकट आहे. तिला काय झालंय? तीच टांगायची." त्या क्षणी मला एवढंच करायचं होतं, तिला हात धरून तो कोपरा दाखवायचा. मी दमलो होतो. कुळागरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, नारळ वाहून आणलेले, पाऊस मुरलेले कपडे अंगावर. मी म्हटलं, "बरं बाई, तुझंच बरोबर."

आणि खरं ते लिहितो. त्या वाक्यात शांतता कमी होती, डाव जास्त. पडू दे एकदा, मग बघेल, असं मनात कुठेतरी होतं.

पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास आवाज झाला. एक कोपरा सुटून नारळांचा घोस खाली, चिबूड फुटून रस पाटापर्यंत, तोरिंजनाचं फळ घरंगळत दारात. गणपतीला काही लागलं नाही, नशीब. बायको धावत आली. आधी मूर्तीकडे पाहिलं, मग तुटलेल्या लाकडाकडे, मग त्यातल्या भुशाकडे, आणि मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तेवढं तिला पुरलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

मी चिबुडाच्या बिया गोळा करायला लागलो.

"माझ्याशी भांडला असता तर काय झालं असतं? रडले असते, चिडले असते. बाबांची म्हणून हट्ट केला असता. पण दाखवलं असतं तर कळलं असतं ना मला? एवढीही मी नाही का, की माझ्याशी भांडावं?"

त्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तिला चूक ठरल्याचं दुःख नव्हतं. आमच्या घरात गप्पा कोकणीत होतात, पेपर मराठी येतो, आणि भांडण ज्या भाषेत शब्द आधी सापडेल त्या भाषेत होतं. त्या दिवशी तिने ते मराठीत केलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मला कर्जाच्या टेबलावरच्या त्या बाई आठवल्या. त्यांच्याशीही कुणी भांडलं नव्हतं. "तुला काय कळतंय" आणि "तुझंच बरोबर" ही दोन वाक्यं मला तोवर एकमेकांच्या विरुद्ध वाटायची. त्या पहाटे पाट पुसताना ती सख्खी भावंडं वाटली. दोन्हींत बोलणं तिथेच संपतं आणि समोरच्या बाईचं काय म्हणणं आहे ते तपासायचं राहून जातं.

विनोद बंद करा असं मी म्हणत नाही. उलट आमच्याकडे नवरा-बायकोवरचे चांगले विनोद आहेत, फक्त ते पुरुषांना ऐकू येत नाहीत. पौषात गावोगाव धालो, म्हणजे बायकांचे नाच-गाण्यांचे खेळ, होतात. रात्री बायका मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या जागी, जमतात, पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं, आणि शेवटी शेवटी सोंगं निघतात. माझी आई सांगायची, त्यांच्या वाड्यावरची एक बाई कमरेला पंचा गुंडाळून नवऱ्याचं सोंग काढायची. काही बोलायचीच नाही. नुसती उघड्या कपाटासमोर उभी राहायची, समोरच टांगलेल्या सदऱ्याकडे बघायची आणि आत तोंड करून विचारायची, "माझा सदरा कुठाय?" अख्खा मांड पोट धरून हसायचा. कारण प्रत्येकीला आपापला नवरा दिसायचा, त्याची मान किती वाकते इथपर्यंत. या विनोदासाठी त्या बाईने वीस वर्षं नवऱ्याकडे नीट पाहिलेलं होतं. लाटण्याच्या विनोदाला बायकोकडे एकदाही पाहावं लागत नाही. माझी कसोटी आता हीच आहे. विनोदातली बायको कुणाचीही असू शकते का? असेल तर तो विनोद तिच्याबद्दल नाहीच. ती माझीच असेल, म्हणजे हिशोबाची वही तांदळाच्या डब्यावर ठेवणारी, बसमध्ये चढल्यावर घराला कुलूप लावलं का ते मला विचारणारी आणि किल्ली स्वतःच्या मुठीत असलेली, तर मी हसेन. तीही हसेल, आणि लगेच माझ्यावर एक परत करील.

यंदा माटोळीसाठी नवी चौकट करायची आहे. मधली वर्षं शेजाऱ्यांच्या उसनवारीवर काढली. मी म्हणतो फणसाचं लाकूड, घरचं आहे, वाळवी सहजी लागत नाही. ती म्हणते सागवान, आणि वर बाबांच्या चौकटीचा जो एक कोपरा धड आहे तो नव्या चौकटीत बसवायचा. मी म्हटलं, तो कोपरा उद्या सगळ्या चौकटीला वाळवी लावील. तिने तो कोपरा उन्हात ठेवला, रॉकेल लावलं, आणि आठ दिवसांनी माझ्यासमोर आणून त्यात स्वतःचं नख रुतवून दाखवलं. भुसा गळला नाही. मी म्हटलं, आठ दिवस म्हणजे काही पुरावा नव्हे. परवा रात्री आमचा आवाज एवढा चढला की शेजारचे काका बॅटरी घेऊन आले, सगळं बरं आहे ना विचारायला. बायको म्हणाली, "बरं आहे काका, लाकडावरून चाललंय. बसा, तुमचं काय म्हणणं?" काकांचं मत आंब्याच्या लाकडाला पडलं.

सुताराचे दोन फोन येऊन गेलेत.